शेळ्यांचें आरोग्य आणि मृगापूर्वींचीं कामें

वऱ्हाड-नागपूर भागांत शेतकऱ्याच्या घरीं शेळी बहुधा असतेच. परंतु तिची गणना पशुधनांत क्वचित् होते. बैलास ढेप, म्हशीस सरकी व हिरवा चारा, आणि शेळीस बांधावरचा पाला, अशी वांटणी पूर्वापार ठरलेली आहे. बैल आजारी पडला तर मनुष्य रात्रीं अपरात्रीं दवाखान्याची वाट धरतो; शेळीनें चारा सोडला तर ‘उद्यां पाहूं’ असें म्हणून निजतो. शेळीचा उद्यां पुष्कळदां उजाडत नाहीं.

वस्तुतः अडीनडीस उपयोगीं पडणारें जनावर तेंच. ज्या वर्षीं बोंडअळीनें कापूस नेला, किंवा ऐन काढणीच्या वेळीं पावसानें सोयाबीन काळें पडलें, त्या वर्षीं मुलांची फी, आजाऱ्याचें औषध व रब्बीचें बियाणें यांचा खर्च बाजारीं नेलेल्या बोकडांनीं भागविल्याचीं उदाहरणें प्रत्येक गांवीं सांपडतील. २०१९ सालच्या पशुगणनेंत एकट्या महाराष्ट्रांत एक कोटी सहा लाखांच्या आसपास शेळ्या मोजल्या गेल्या. एवढें मोठें धन आपण केवळ दैवावर सोडून देतों, हें शहाणपणाचें नव्हे.

‘शेळीची जात नाजूक, अंगावर पाणी पडलें कीं ती मरते’, अशी समजूत सर्वत्र आहे. ती अर्धीच खरी आहे. पावसाच्या पाण्यानें शेळी मरत नाहीं. पावसाबरोबर जे जंत, जें आंतड्यांतील विष, जो फुप्फुसाचा दाह व जी खुरांची कूज येते त्यांनीं ती मरते. आणि यांपैकीं बहुतेकांचा बंदोबस्त पाऊस पडूं लागल्यावर करतां येत नाहीं. तो मृग लागण्यापूर्वींच करावा लागतो. पेरणीची तयारी आपण मृगापूर्वीं करतों, तशीच शेळ्यांचीही करावी, एवढेंच या लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे.

आपली बेरारी शेळी

प्रथम आपल्या दारीं जी शेळी आहे तिची ओळख करून घेऊं. महाराष्ट्रांतील शेळ्यांच्या उस्मानाबादी, संगमनेरी व कोंकण कन्याळ या जातींचीं नांवें वाचकांस ठाऊक असतील. त्यांच्याच पंक्तीस आपल्या विदर्भाची बेरारी शेळी आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें ती स्वतंत्र जात म्हणून नोंदविलेली आहे. रंग फिकट ते गडद तांबूस, बांधा मध्यम, कान पानासारखे चपटे व लोंबते, शिंगांच्या मुळापासून नाकपुडीपर्यंत चेहऱ्याच्या दोन्ही अंगांस पट्टे, आणि बोकडाच्या पाठीच्या कण्यावरून जाणारी काळ्या केसांची रेघ, अशीं तिचीं लक्षणें आहेत.

या शेळीस नागपूरचा उन्हाळा सोसतो, तुरीचें व हरभऱ्याचें कुटार ती आवडीनें खाते, आणि बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर ती आपलें पोट भरते. मोठ्या अंगाच्या परप्रांतीय जाती पाहून पुष्कळांस मोह पडतो व मिळेल तो बोकड आणून कळपांत सोडला जातो. पहिल्या वेतास करडें अंगानें मोठीं दिसतात. परंतु अशा करडांस चाराही अधिक लागतो, आणि दोन-तीन पिढ्या मिसळ चालली म्हणजे कळपास कोणतीच जात उरत नाहीं. ज्यांच्याजवळ मुबलक चारा, बंदिस्त गोठा व नित्य देखरेख आहे त्यांनीं संकराचा प्रयोग खुशाल करावा. बाकीच्यांनीं आपल्या शेळींतच निवड करावी, हें अधिक लाभाचें आहे.

बोकड हा अर्धा कळप

पंचवीस शेळ्यांच्या कळपांत प्रत्येक शेळीचा गुण तिच्या स्वतःच्या करडांत उतरतो. परंतु बोकडाचा गुण सर्वच करडांत उतरतो. म्हणून बोकड हा अर्धा कळप होय. आपल्याकडे रीत मात्र उलट आहे. जो बोकड जोमानें वाढतो त्यास गिऱ्हाईक आधीं मिळतें, तो विकला जातो. आणि मागें राहिलेला खुरटा शेळ्यांवर जातो. असें दहा वर्षें चाललें तर कळप लहान होत जाणें अपरिहार्य आहे.

पैदाशीचा बोकड दीड वर्षाच्या आसपास वयाचा, जुळ्यांतील एक, भरपूर दूध देणाऱ्या शेळीच्या पोटचा, सरळ पायांचा व दोन्ही अंड सारख्या आकाराचे असलेला निवडावा. पंचवीस ते तीस शेळ्यांस एक बोकड पुरतो. दोन वर्षांनीं तो बदललाच पाहिजे. कारण तोंवर त्याच्याच पोटच्या पाठी माजावर येऊं लागतात. बापलेकींच्या संयोगापासून होणारीं करडें दुबळीं, व्यंगाचीं व अल्पायुषी निपजण्याचा संभव वाढतो. बदलण्यासाठीं पैसा लागतोच असें नाहीं. दोन गांवच्या शेतकऱ्यांनीं आपापले चांगले बोकड परस्परांशीं अदलाबदल केले तरी काम होतें. पैदाशीसाठीं न ठेवावयाचे बोकड दोन-तीन महिन्यांचे असतांनाच खच्ची करून घ्यावे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचीं प्रक्षेत्रें नागपूर जिल्ह्यांत बोंद्री व अमरावती जिल्ह्यांत पोहरा येथें आहेत. निवडक जनावरांसाठीं सभासदांनीं तेथें चौकशी करावी.

वीत केव्हां यावें

शेळी सुमारें एकवीस दिवसांनीं माजावर येते, माज दीड दिवसपर्यंत टिकतो आणि गाभण राहिल्यापासून सरासरी दीडशें दिवसांनीं ती विते. हा हिशेब ज्यानें ध्यानांत ठेविला त्यास आपल्या करडांचा जन्ममास ठरवितां येतो. ज्यानें बोकड बारा महिने कळपांत मोकळा ठेविला, त्याच्या घरीं करडें मृत्यूच्या हंगामांतच जन्मास येतात.

फेब्रुवारी-मार्चमध्यें फळलेली शेळी जुलै-ऑगस्टांत विते. त्या वेळीं गोठा ओला, हवा दमट, चराऊ रान जंतांनीं भरलेलें, आणि शेतकरी स्वतः निंदणी-डवरणींत गढलेला असतो. अशा वेळीं जन्मलेल्या करडांस हगवण व फुप्फुसदाह हटकून गांठतात. उलट मृग-आर्द्रांत फळलेली शेळी नोव्हेंबरांत, म्हणजे बहुधा कार्तिक महिन्यांत विते. रान तेव्हां वाळूं लागलेलें असतें, झाडांस पाला असतो, पुढें तुरीचें कुटार मिळूं लागतें, आणि करडें उन्हाळ्याच्या तोंडाशीं दूध सोडण्याजोगीं होतात. थंडीपासून आडोसा व खालीं कोरडा कडबा एवढें मात्र त्यांस द्यावें लागतें. म्हणून माघ-फाल्गुनांत बोकड वेगळा बांधावा व मृग लागतांच तो शेळ्यांत सोडावा.

त्यापूर्वीं दोन-तीन आठवडे प्रत्येक शेळीस रोज पाव किलोच्या आसपास भरड धान्य व ढेप यांचा खुराक हळूहळू चालू करावा. उन्हाळ्यानें खंगलेली शेळी माजावर येतच नाहीं, आली तर फळत नाहीं. वाढत्या खुराकावर असलेल्या शेळ्या एकाच सुमारास माजावर येतात व त्यांस जुळीं होण्याचें प्रमाणही वाढतें. पाठ मात्र दहा-बारा महिन्यांची व मोठ्या शेळीच्या दोन-तृतीयांश वजनाची झाल्याशिवाय फळवूं नये.

पोटांतील शत्रू

आतां सर्वांत महत्त्वाच्या विषयाकडे वळूं. पावसाळ्यांत शेळी झुरते, तिचे केस राठ होतात, जबड्याखालीं पाण्याची पिशवी लोंबूं लागते आणि एके दिवशीं ती उठत नाहीं. याचें कारण बहुतेक वेळां जठरांत राहणारा, रक्त पिणारा हिमोंकस नांवाचा जंत असतो. सुमारें इंचभर लांबीच्या या जंताची एक मादी दिवसास पांच ते दहा हजार अंडीं घालते. हीं लेंड्यांबरोबर रानांत पडतात. ओल व ऊब मिळाली कीं आठवड्याभरांत त्यांपासून सूक्ष्म अळ्या तयार होऊन गवताच्या ओल्या पात्यांवर चढतात. शेळीनें तें गवत खाल्लें कीं त्या पुन्हां पोटांत जातात. उन्हाळ्यांत हें चक्र जवळजवळ थांबतें. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर तें वेगानें फिरूं लागतें.

यावरून तीन गोष्टी सहज कळतात. एक, या अळ्या जमिनीपासून दोन-तीन इंचांच्या आंतच बहुधा असतात. म्हणून झाडाझुडपांचा पाला खाणाऱ्या शेळीस त्या फारशा लागत नाहींत. शेळी ही स्वभावानें पाला खाणारी आहे. तिला मेंढीप्रमाणें खुरट्या गवतावर चारणें म्हणजे जंतांच्या ताटांत बसविणें होय. दुसरी, सकाळचें दंव असतांना अळ्या पात्यावर असतात; म्हणून पावसाळ्यांत दंव वाळल्यावरच कळप सोडावा. तिसरी, एकाच पडीत जागीं रोज चारूं नये. रान आळीपाळीनें बदलावें व धुऱ्यांवर सुबाभूळ, शेवरी, हादगा यांचीं झाडें लावून पाला वर टांगून द्यावा.

औषधाविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. दर महिन्यास सर्व कळपास तेंच तें औषध पाजण्याची चाल पडत आहे. ती घातक आहे. त्या औषधास न जुमानणारे जंत तेवढे जगतात, त्यांचीच प्रजा वाढते, व पुढें औषध पाण्यासारखें निरुपयोगी होतें. दक्षिण आफ्रिकेंत फाफा मलान या पशुवैद्यानें यावर एक सोपी युक्ति काढली. तिला त्याच्याच नांवावरून ‘फमाचा’ म्हणतात. शेळीची खालची पापणी हळूच उलटून तिच्या आंतील रंग पांच रंगांच्या तक्त्याशीं ताडून पाहावयाचा. लालभडक असेल तर औषधाची गरज नाहीं. फिकट गुलाबी ते पांढरी असेल तर रक्त आटलेलें आहे असें समजून त्याच शेळीस औषध द्यावयाचें. शेळ्यांच्या बाबतींत मधल्या तिसऱ्या रंगासही औषध देणें बरें. लामा या लोकरी जनावरासही हाच जंत छळतो. पंधरा दिवसांतून एकदां पावसाळाभर ही तपासणी करावी. तीस शेळ्यांस अर्धा तासही लागत नाहीं.

धानाच्या भागांत, म्हणजे रामटेक, मौदा व त्यापलीकडे भंडारा-गोंदियाकडे, तळ्याकांठीं व बांध्यांत चरणाऱ्या शेळ्यांस यकृतांतील चपट्या कृमींची बाधा होते. पाण्यांतील गोगलगायींमार्फत ती पसरते. लक्षणें वरच्यासारखींच असलीं तरी औषध वेगळें लागतें. म्हणून लेंड्यांचा ताजा नमुना दवाखान्यांत तपासून घेऊनच औषध ठरवावें. मात्रा पशुवैद्यास विचारावी. कित्येक जंतनाशकें शेळीस मेंढीहून अधिक प्रमाणांत लागतात, हें दुकानदारास बहुधा ठाऊक नसतें. अल्बेंडाझोल हें औषध गाभण राहिल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत दिल्यास गर्भास व्यंग येण्याचा धोका असतो. मृगांत बोकड सोडावयाचा असेल तर तें आधींच देऊन मोकळें व्हावें, हें मृगापूर्वींच्या कामाचें आणखी एक कारण.

लसींचें महत्त्व

ज्यास पीपीआर किंवा शेळ्यांची बुळकांडी म्हणतात तो रोग कळपाचे कळप बुडवितो. शेळीस १०४ ते १०६ अंशांपर्यंत ताप चढतो, नाका-डोळ्यांतून स्राव वाहतो, तोंडांत फोड येऊन दुर्गंधी सुटते, मग हगवण व श्वास लागतो, आणि आठवड्याभरांत ती दगावते. या रोगाची पहिली नोंद १९४२ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट येथें झाली; हिंदुस्थानांत तो १९८७ सालीं तामिळनाडूंत निश्चितपणें ओळखला गेला. त्यापूर्वीं असा रोग दिसला कीं तो गुरांची बुळकांडीच समजला जाई. रोगाचें मूळ विषाणूंत असल्यामुळें त्यावर थेट औषध नाहीं. पशुवैद्य जें देतात तें मागाहून येणाऱ्या फुप्फुसदाहादि विकारांवर असतें. परंतु मुक्तेश्वर येथें भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनें तयार केलेली लस एकदां टोंचली कीं किमान तीन वर्षें संरक्षण मिळतें. करडें तीन-चार महिन्यांचीं झालीं म्हणजे त्यांस ती द्यावी.

येथें एक इतिहास सांगण्यासारखा आहे. गुरांच्या बुळकांडीनें एके काळीं आपल्या देशांतील गोठेच्या गोठे रिते केले. १९२०च्या दशकांत मुक्तेश्वरासच एडवर्ड्स यांनीं तो विषाणू शेळीच्या शरीरांतून पुनः पुनः नेऊन सौम्य केला व त्यापासून गुरांसाठीं लस निघाली. गांवोगांव लस टोंचून अखेर २०११ सालीं जगांतून बुळकांडी नाहींशी झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. शेळीच्या अंगावर तयार झालेल्या लशीनें असंख्य बैल वांचले. आतां शेळीस तिच्या स्वतःच्या बुळकांडींतून सोडविण्याची पाळी आपली आहे. २०३० सालापर्यंत पीपीआर जगांतून नाहींसा करण्याचा संकल्प आंतरराष्ट्रीय संस्थांनीं केला आहे. तो गांवच्या शेवटच्या शेळीपर्यंत लस पोहोंचल्याशिवाय सिद्धीस जाणार नाहीं.

दुसरा रोग आंत्रविषार. यांत विलक्षण गोष्ट ही कीं, कळपांतील सर्वांत धष्टपुष्ट करडूच प्रथम मरतें. सायंकाळीं नाचत आलेलें करडू सकाळीं पाय ताणून पडलेलें आढळतें. आणि घरचीं माणसें दृष्ट लागली असें म्हणतात. दृष्ट नव्हे, आंतड्यांत नेहमींच अल्प प्रमाणांत असणारे जंतु एकदम मिळालेल्या कोवळ्या गवतावर वा धान्यावर भराभर वाढतात व विष सोडतात, तें रक्तांत भिनून मेंदूपर्यंत जातें. खळ्यावर मोकळ्या सुटलेल्या शेळ्या धान्याच्या राशीस तोंड घालतात तेव्हांही असेंच होतें. यावर उपचारास वेळच मिळत नाहीं. लस मात्र स्वस्त व खात्रीची आहे. प्रथमच देत असल्यास दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानें दोन मात्रा व पुढें दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं एक, असा क्रम ठेवावा. पुण्यास औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेंत ही लस तयार होते.

लस कधीं कधीं ‘लागू पडत नाहीं’ अशी तक्रार ऐकूं येते. बहुधा दोष लशीचा नसून हाताळणीचा असतो. पीपीआरची लस दवाखान्यापासून गांवापर्यंत बर्फांत आणिली पाहिजे व पाण्यांत मिसळल्यावर तास-दोन तासांत संपविली पाहिजे. मेच्या उन्हांत मोटारसायकलच्या पेटींत ठेवलेली लस ही लस राहत नाहीं. आजारी शेळीस लस देऊं नये. जंतांचें औषध आठ-दहा दिवस आधीं देऊन ठेवावें. आठवडी बाजारांतून आणिलेली नवी शेळी तीन-चार आठवडे वेगळी बांधावी. पीपीआर, मावा व देवी हे रोग पुष्कळदां बाजाराच्या दोरीनेंच घरीं येतात.

गाभण शेळी व करडू

गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या काळांत पोटांत जुळीं असलेल्या शेळीस पोटभर न मिळाल्यास ती आपली चरबी जाळूं लागते, चारा सोडते व विण्यापूर्वींच मरते. म्हणून हस्त-चित्रा नक्षत्रांपासून गाभण शेळ्यांस पुन्हां पाव किलो खुराक व खनिज मिश्रण द्यावें. विण्यापूर्वीं तीन-चार आठवडे आंत्रविषाराची लस पुन्हां दिल्यास तिचें संरक्षण चिकावाटे करडांस मिळतें.

करडू जन्मतांच तोंड-नाक पुसावें, नाळेस टिंक्चर आयोडीन लावावें, आणि तासाभराच्या आंत त्यास चीक पाजावा. ‘वार पडल्याशिवाय चीक देऊं नये’ ही समजूत करडांचा जीव घेणारी आहे. ती सर्वथा टाकावी. करडाच्या अंगांत जन्मतः रोगप्रतिकारक द्रव्य जवळजवळ नसतें. तें त्यास चिकांतूनच मिळतें, आणि तें शोषून घेण्याची आंतड्यांची शक्ति तासातासानें घटत जाऊन एका दिवसांत संपते. पहिल्या दिवशीं करडाच्या वजनाच्या दशांशाइतका चीक तीन-चार वेळां मिळून त्याच्या पोटांत गेला पाहिजे. वार बारा तासांत न पडल्यास ओढूं नये, पशुवैद्यास बोलवावें.

तीन आठवड्यांनंतर करडांस रक्ती हगवण लागूं लागते. तिचें कारण ओली, दाटीची जागा. मोठ्या शेळीस दहा-बारा चौरस फूट कोरडी जागा हवी. गोठ्याची जमीन आसपासच्या जमिनीहून उंच, मुरुमाची व उताराची असावी. चारा-पाणी जमिनीवर न ठेवतां गव्हाणींत ठेवावें.

विषबाधेचे प्रसंग

दोन विषबाधा आपल्या भागांत विशेष लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. ज्वारीचें कोवळें, पावसानें ताण दिलेलें पीक किंवा कापणीनंतरचे फुटवे खाल्ल्यानें किरळ लागते. शेळी धापा टाकते, थरथरते व कांहीं मिनिटांत पडते. वेळेवर पशुवैद्य मिळाल्यास सोडियम थायोसल्फेटचें इंजेक्शन देऊन ती वांचूं शकते. पण अशा शेतांत कळप न जाऊं देणें हाच खरा उपाय. दुसरी बाधा फवारलेल्या कपाशीची. तोंडास फेस, लाळ, स्नायूंचें थरथरणें व बारीक झालेल्या बाहुल्या हीं बहुतेक फवारणीच्या विषाचीं लक्षणें आहेत. अशा वेळीं औषधाचा डबा दवाखान्यांत सोबत न्यावा, म्हणजे पशुवैद्यास उतारा ठरवितां येतो. फवारणी झालेल्या शेतावर काडी रोवून तांबडें फडकें बांधण्याची चाल प्रत्येक गांवानें पाडावी.

रोगी शेळीची ओळख

निरोगी शेळीचें तपमान १०१॥ ते १०३॥ अंश असतें. प्रत्येक कळपवाल्याजवळ एक थर्मामीटर असावाच. तो कुठल्याही औषधाहून अधिक उपयोगी आहे. कळप रानांतून परततांना मागें कोण राहिली, रवंथ कोण करीत नाहीं, लेंड्या कोणाच्या पातळ आहेत, हें रोज सायंकाळीं पाहावें. फुगलेल्या डाव्या कुशीस बोटानें टिचकी मारली असतां ढोलासारखा आवाज आला तर पोटफुगी समजावी; अशा वेळीं पन्नास-साठ मिलीलिटर गोडें तेल सावकाश पाजावें. मान उंच ओढून घाईनें पाजलेलें तेल फुप्फुसांत जातें व पोटफुगीहून लवकर मारतें.

जी शेळी एकाएकी मेली व जिच्या नाकातोंडांतून न गोठणारें काळें रक्त आलें, ती कदापि चिरूं नये, तिचें कातडें काढूं नये, मांस वांटूं नये. तो फाशी रोग असूं शकतो व तो माणसासही मारतो. कळपांत एकामागून एक शेळ्या गाभटूं लागल्यास पडलेल्या गर्भास व वारेस उघड्या हातानें शिवूं नये, दूध उकळल्याशिवाय पिऊं नये व रक्ताची तपासणी करावी. सांसर्गिक गर्भपाताचा हा रोगही माणसास जडतो.

वर्षाचें टिपण

वाचकांच्या सोयीसाठीं वरील विवेचनाचें सार एकत्र देतों.

माघ-फाल्गुन: बोकड वेगळा बांधावा. दोन वर्षें झालीं असल्यास नव्याची व्यवस्था करावी.

एप्रिल: ज्यांस तीन वर्षांत मिळालेली नाहीं अशा शेळ्यांस व तीन-चार महिन्यांवरील करडांस पीपीआरची लस द्यावी.

मेचा पहिला आठवडा: लेंड्यांची तपासणी व जंतांचें औषध.

मेचा मध्य: आंत्रविषाराची पहिली मात्रा, खुराकास आरंभ, गोठ्याचें छप्पर व मुरूम.

रोहिणीची अखेर: आंत्रविषाराची दुसरी मात्रा, खुरें कापणें, गोचिडांचा बंदोबस्त.

मृग-आर्द्रा: बोकड सोडावा, फळल्याची तारीख वहींत लिहावी.

पावसाळाभर: दर पंधरवड्यास पापणीची परीक्षा, दंव वाळल्यावर चराई.

हस्त-चित्रा: गाभण शेळ्यांस खुराक व लस.

कार्तिक: वेतें, चीक, नाळेस आयोडीन व थंडीचा आडोसा.

हीं कामें एकट्या घरास जड वाटतील. परंतु गांवानें मिळून केल्यास हलकीं होतात. लशीची एक कुपी पुष्कळ शेळ्यांस पुरते व ती उघडल्यावर ठेवतां येत नाहीं; म्हणून एकट्या पांच शेळ्यांच्या मालकासाठीं ती उघडणें परवडत नाहीं. गांवच्या सर्व शेळ्या एका सकाळीं एका झाडाखालीं आणिल्या तर एका बर्फाच्या पेटींत काम उरकतें. शिवाय शेजाऱ्याच्या शेळीस लस नसेल तर आपला कळपही निर्धास्त नसतो. सामाईक पाणवठा व सामाईक गुराखी रोगासही सामाईक करतात. ज्यांच्याजवळ वीस-पंचवीस शेळ्या आहेत अशा जमीनधारकांनीं मजुराच्या दारच्या दोन शेळ्यांनाही त्या दिवशीं बोलावून घ्यावें. तो परोपकार नव्हे, स्वतःच्या कळपाचें कुंपण आहे.

नागपूरकरांस तर या बाबतींत सबब सांगण्यास जागाच नाहीं. पशुवैद्यकीय महाविद्यालय येथें १९५८ सालापासून आहे, व २००० सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचें मुख्य ठाणेंही नागपूरच आहे. तपासणीची व सल्ल्याची सोय हाताशीं असतांना शेळी केवळ हयगयीनें मरावी, हें बरें दिसत नाहीं. आमच्या सभासदांनीं येत्या रोहिणींत आपापल्या गांवीं लसीकरणाचा एक दिवस ठरवावा, वहींत प्रत्येक शेळीची एक ओळ घालावी, आणि दिवाळीनंतर त्या वहीचा हिशेब मागील वर्षाशीं ताडून पाहावा. बियाण्याची पिशवी फुटण्यापूर्वीं शेळीची लस, एवढा एकच नियम पाळला तरी या पावसाळ्यांत पुष्कळ घरांचा बोकड कार्तिकाच्या बाजारापर्यंत जिवंत पोहोंचेल.